कण्याचा बाक आणि अंशांचा हिशेब

एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग ३ (भूगोल)

आम्हां वऱ्हाडातील माणसांना 'अंश' हा शब्द ऐकला की प्रथम उन्हाळाच आठवतो. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की तो आकडा दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. या लेखात ज्या अंशांविषयी लिहावयाचे आहे ते मात्र कंपासपेटीतील कोनमापकाचे आहेत. ते मोजले जातात मुलामुलींच्या पाठीच्या कण्यावर, आणि त्या आकड्यात पाचसात अंशांचा फरक पडला तर एखाद्या घराची पुढची दोनतीन वर्षे निराळी होऊन जातात. आमच्या घरी हे घडले, म्हणून या विषयात शिरले. भूगोलाच्या विद्यार्थिनीने वैद्यकात लुडबुड का करावी, असे काही प्राध्यापकांना वाटेल. पण वाचत गेले तसतसे लक्षात आले की हा प्रश्न नकाशाच्या प्रश्नाशी फार मिळताजुळता आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काहीतरी बिघडतेच. पिळलेला कणा सपाट फिल्मवर उतरवतानाही तसेच होते.

प्रथम विकाराची ओळख. आपल्या मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात. माणूस बाजूने पाहिला तर हा कणा नैसर्गिकपणेच नागमोडी असतो. मागून पाहिला तर तो ओळंब्यासारखा सरळ दिसावयास हवा. तो डावीकडे वा उजवीकडे वळला तर त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वाकडा'. परिभाषेत 'पार्श्वकुब्जता' असा भारदस्त शब्द आढळतो. पण डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत तो कोणी वापरत नाही, म्हणून मीही साधा 'बाक' हाच शब्द वापरते. पूर्वी आपल्याकडे पोलिओमुळे अनेक मुलांच्या कण्याला असा बाक येत असे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला आणि ते कारण मागे पडले. क्षयाने मणका खचून येणारे कुबड निराळे. ते मागच्या बाजूस टोकदार उठते आणि त्यावर क्षयाचीच औषधे लागतात. मला सांगावयाचे आहे ते दहा ते अठरा या वयात, धडधाकट मुलामुलींत, कोणतेही स्पष्ट कारण नसताना येणाऱ्या बाकाविषयी. शंभरांत दोनतीन मुलांमध्ये तो आढळतो. सौम्य बाक मुलांत व मुलींत जवळजवळ सारखाच असतो. वाढत जाणाऱ्या, मोठ्या बाकाच्या बाबतीत मात्र मुलींची संख्या कितीतरी पट अधिक भरते. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडे बसल्याने तो येतो ही समजूत सर्वत्र आहे. तिला आधार नाही. तरीही आमच्या आजीने कित्येक दिवस धाकटीला ऐकवलेच, "सांगत होती न मी तुले, दप्तर एकाच खांद्यावर कायले घेतं वो!"

भागवताच्या दशम स्कंधात मथुरेची कुब्जा येते. तिचे दुसरे नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली. श्रीकृष्णाने तिच्या पायांवर पाय दाबून धरले, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. कण्याला ताण देऊन सरळ करण्याची कल्पना किती जुनी आहे, ते यावरून दिसते. (रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर आपल्याच जिल्ह्यातले, म्हणजे हे वैद्य आपले जावईच म्हणावयाचे.) परंतु मला जास्त आवडले ते 'त्रिवक्रा' हे नाव. किशोरवयातील हा बाक खरोखरच तिहेरी असतो. कणा बाजूला झुकतो. झुकता झुकता स्वतःभोवती पिळला जातो. आणि पाठीची बाजूने दिसणारी नैसर्गिक गोलाई बहुधा सपाट होते. एक्स-रे फोटोत यांपैकी पहिलेच वक्र नीट दिसते. उरलेली दोन असून नसल्यासारखी होतात.

हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली एखादी वाकडी पऱ्हाटी उपटावी आणि उन्हात भिंतीसमोर धरावी. तिची सावली वाकडी पडते. आता पऱ्हाटी हातातल्या हातात फिरवावी. सावलीचा बाक कमीजास्त होतो आणि एका ठिकाणी ती जवळजवळ सरळ दिसते. पऱ्हाटी मात्र होती तशीच आहे. एक्स-रे म्हणजे अशीच सावली. १८९५ साली जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे राँटगेनने हे किरण शोधले आणि जिवंत माणसाच्या हाडांची सावली पाहणे शक्य झाले. पण सावलीचे गुणदोष तिच्याबरोबरच आले.

सावलीवरून बाक मोजावयाचा कसा? आज जगभर चालणारी पद्धत जॉन रॉबर्ट कॉब या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. १९४८ साली त्याने ती मांडली. बाकाच्या वरच्या टोकाचा, सर्वांत जास्त कललेला मणका शोधावयाचा आणि त्याच्या वरच्या कडेलगत एक रेषा ओढावयाची. खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका घेऊन त्याच्या खालच्या कडेलगत दुसरी रेषा ओढावयाची. या दोन रेषांमधील कोन हा 'कॉब कोन'. बाक लहान असला तर रेषा फिल्मच्या बाहेर कोठेतरी दूर मिळतात. मग दोन्ही रेषांवर लंब टाकतात आणि लंबांमधील कोन मोजतात. दोन्ही कोन सारखेच, हे शाळेच्या भूमितीत आपण सर्वांनी सिद्ध केलेले आहे. हा कोन १० अंश वा त्याहून अधिक भरला तरच स्कोलिओसिस म्हणावयाचे, असा संकेत आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलेल्यांना या कोनाचा अर्थ चटकन कळेल. घाटातील एखाद्या वळणात शिरताना गाडीचे तोंड एका दिशेला असते, बाहेर पडताना दुसऱ्या. या दोन दिशांतील फरक म्हणजे कॉब कोन. वळण लांबलचक आहे की एकदम आखूड, हे त्यातून कळत नाही. रस्ता किती चढला हेही कळत नाही. शिवाय वळण नेमके कोठे सुरू झाले व कोठे संपले, यावर दोन प्रवाशांचे एकमत होईलच असे नाही. कण्याच्या मोजमापातही खरी गोम येथेच आहे. एका डॉक्टरांनी वरचा मणका पाचवा धरला आणि दुसऱ्यांनी सहावा, की कोन बदलला. मणक्याची कड अंधूक असली की रेषा किंचित तिरपी जाते. त्यामुळे एकाच फोटोवर दोन जाणत्या माणसांनी मोजलेल्या कोनांत पाचएक अंशांचा फरक येऊ शकतो, हे वारंवार दिसून आलेले आहे. म्हणून दोन फोटोंमध्ये पाच अंशांहून अधिक वाढ दिसल्याशिवाय बाक वाढला असे मानत नाहीत. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून, तेच मणके धरून, एकाच माणसाने मोजले तर चूक कमी होते. आता संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढता येतात, मोबाईलवरही कोन मोजता येतो आणि यंत्राने आपोआप मोजण्याची सोयही निघाली आहे. हाताची चूक त्याने कमी झाली. पण सावलीच चुकीच्या प्रकारे पाडली असेल तर संगणक काय करणार?

आता आमच्या घरची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात हे सगळे आहे. धाकटी बहीण आठवीत, वय तेरा. अंगणात वाकून रांगोळी काढत असताना तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर उचललेली आजीला दिसली. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाने १८६५ साली सांगितलेली तपासणी नेमकी हीच आहे: मुलाला गुडघे न वाकवता पुढे वाकावयास सांगा आणि मागून पाहा. मणके पिळले गेले की त्यांच्याबरोबर बरगड्याही फिरतात आणि एका बाजूला उंचवटा येतो. उभे असताना जे कपड्यांत लपते ते वाकल्यावर दिसते. अकोल्यात एका ठिकाणी फोटो काढला. अहवाल आला, बाक २१ अंश. चार महिन्यांनी अमरावतीत दुसऱ्या ठिकाणी काढला. तेथे २८.

सात अंश वाढ! घरात जेवण कोणाला जाईना. मामी येऊन आईच्या कानाशी लागल्या, "पोरीची जात हाये वो बाई, चारचौघांत बोलू नका." वडील गणिताचे शिक्षक, ते चार महिन्यांस सात, तर वर्षाला एकवीस, असा त्रैराशिक हिशेब मांडून बसले. अमरावतीच्या डॉक्टरांनी मात्र पहिला फोटो मागवला, दिव्यावर लावला आणि म्हणाले, "हा झोपवून काढलाय. आणि वरचा मणका फिल्मच्या काठावर तुटलाय."

झोपल्यावर अंगाचा भार कण्यावरून उतरतो आणि बाक काही अंशांनी सैल पडतो. म्हणून हा फोटो उभे राहूनच काढावयाचा असतो. शिवाय नेहमीच्या चौदा बाय सतरा इंचांच्या फिल्मवर संपूर्ण कणा मावत नाही. लांब फिल्म लागते किंवा दोनतीन फोटो संगणकावर जोडावे लागतात. डॉक्टरांनी दोन्ही फोटोंवर शक्यतो तेच मणके धरून पुन्हा रेषा ओढल्या. पहिल्याचा कोन २४ आला, दुसऱ्याचा २८. उरलेले चार अंश झोपण्याचे असतील, मोजण्याचे असतील किंवा खरोखरच वाढीचे असतील. ते वेगळे काढण्याचा मार्ग नव्हता. वडिलांचे त्रैराशिक मोडले याचा आनंद झाला खरा, पण तो फार वेळ टिकला नाही. वाढीच्या वयात २५ अंशांपर्यंतच्या बाकावर सामान्यतः नुसते लक्ष ठेवतात. त्यापुढे सुमारे ४०-४५ पर्यंत पाठीला पट्टा देतात. आणि ४५-५० च्या पलीकडे शस्त्रक्रियेचा विचार होतो. झोपवून काढलेल्या फोटोच्या भरवशावर आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

पट्टा द्यावयाचा की नाही, हे एकट्या कोनावर ठरत नाही. किती वाढ शिल्लक आहे तेही पाहतात. त्याची एक सुंदर खूण त्याच फोटोत असते. कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर, बाहेरून आत, हाडाची एक पातळ किनार हळूहळू भरत जाते. जोसेफ रिसर याने १९५८ साली तिच्यावरून शून्य ते पाच अशा पायऱ्या सांगितल्या. शून्य किंवा एक म्हणजे मूल अजून झपाट्याने वाढणार. पाच म्हणजे वाढ संपली. मुलींत मासिक पाळी सुरू होण्याच्या आधीचा काळ सर्वांत जोखमीचा. धाकटीची पायरी पहिली होती. वाढ संपल्यावर तीस अंशांच्या आतले बाक सहसा वाढत नाहीत. पन्नासच्या पुढचे, विशेषतः छातीच्या भागातले, त्यानंतरही वर्षाला अंशभर सरकत राहू शकतात. म्हणून ही मधली दोनतीन वर्षे महत्त्वाची.

पण दर सहा महिन्यांनी फोटो काढावयाचा म्हणजे दर सहा महिन्यांनी किरण. याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. १९१२ ते १९६५ या काळात निदान झालेल्या ५५७३ स्त्रियांचा पाठपुरावा करून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी त्यांचे सरासरी पंचवीसएक फोटो निघाले होते. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे सत्तर टक्क्यांनी अधिक भरले. जुन्या यंत्रांचे किरण आजच्याहून पुष्कळ तीव्र असत, तेव्हा हा आकडा आजच्या मुलींना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण किरणांच्या या काळजीपोटी एक साधा बदल रूढ झाला आहे: मुलीला यंत्राकडे पाठ करून उभे करतात. किरण पाठीकडून शिरतात आणि छातीपर्यंत पोचेतो त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. यासाठी पैसा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. फक्त मुलीला उलटे वळवावयाचे असते.

यंत्रांत खरी क्रांती झाली ती एका भौतिकशास्त्रज्ञामुळे. जॉर्ज शार्पाक याला मूलकण टिपणाऱ्या उपकरणाबद्दल १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विचारातून पुढे 'ईओएस' नावाचे यंत्र आले. मुलगी आत उभी राहते आणि किरणांचे दोन पातळ पंखे, एक समोरून व एक बाजूने, वरून खाली एकाच वेळी सरकतात. किरण बरेच कमी लागतात आणि दोन सावल्या जुळवून संगणक कण्याची त्रिमित आकृती उभी करतो. पऱ्हाटीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन भिंतींवरच्या दोन सावल्यांवरून मूळ काडी ओळखावयाची. कुब्जेची तिन्ही वक्रे येथे एकदम हाती येतात. पण हे यंत्र महाग, आणि मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरते.

सिटी स्कॅनमध्ये प्रत्येक मणका किती पिळला आहे ते फार स्पष्ट दिसते. परंतु किरण जास्त आणि रुग्ण आडवा. दर सहा महिन्यांनी वापरण्याची ती वस्तू नव्हे. एमआरआयला किरण अजिबात नाहीत. मात्र तेथेही झोपावे लागते आणि बाक कमी दिसतो. तो काढतात तो वेगळ्या शंकेसाठी: बाकामागे मज्जारज्जूचा काही दोष तर नाही ना, हे पाहण्यासाठी. छातीच्या भागातील बाक बहुधा उजवीकडे असतो; तो डावीकडे असला, फार वेगाने वाढला किंवा हातापायांत काही बिघाड दिसला तर डॉक्टर तो सांगतात. एमआरआयच्या अहवालातील अंश आणि उभ्या फोटोतील अंश यांची वजाबाकी करणे म्हणजे किलोतून लिटर वजा करण्यासारखे आहे, आणि हे मी हौसेने लिहीत नाही. आमच्याच नात्यातील एका सुशिक्षित गृहस्थांनी धाकटीच्या अहवालांवर ती करून दाखवली होती.

सोनोग्राफीनेही बाक मोजता येतो, हे मला नवल वाटले. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात तसे यंत्र विकसित झाले आहे. मुलगी उभी असते आणि पाठीवरून खालून वर यंत्र फिरवतात. ध्वनिलहरी हाडातून आरपार जात नाहीत, त्यामुळे मणक्यांची मागची टोके तेवढी दिसतात. मणके पिळलेले असल्याने ही टोके बाकाच्या आतल्या बाजूस वळलेली असतात. परिणामी टोकांवरून मोजलेला कोन कॉब कोनापेक्षा लहान येतो. पण त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजले तर वाढ होते की नाही ते कळू शकते, आणि किरण शून्य. आपल्याकडे मात्र एक निराळीच अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय बाळगता वा वापरता येत नाही. कायदा आवश्यकच आहे. पण त्यामुळे असे यंत्र घेऊन शाळाशाळांतून हिंडणे सोपे नाही. मुलींना वाचवण्यासाठी केलेला कायदा मुलींच्याच एका तपासणीच्या वाटेत असा आडवा यावा, हा योगायोग मला चटका लावून गेला.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी पद्धत जपानची. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या तर लहरी लहरी दिसतात, ते आपण पाहिलेले असते. याच तत्त्वावर ताकासाकी या जपानी संशोधकाने १९७० साली माणसाच्या अंगावर प्रकाशाने समोच्च रेषा उमटवण्याची रीत दाखवली. बारीक जाळीतून पाठीवर प्रकाश टाकावयाचा आणि त्याच जाळीतून छायाचित्र घ्यावयाचे. सातपुड्याच्या नकाशावर असतात तशा रेषा पाठीवर दिसू लागतात. दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या असल्या तर ठीक, एका बाजूस डोंगर जास्त असला तर शंका. जपानने शाळांतील तपासणीसाठी ही पद्धत वापरली. मर्यादा उघड आहे: आपण पाठीची कातडी मोजतो, कणा नव्हे.

तीच मर्यादा स्कोलिओमीटरची, पण तो किती साधा! पाणसळीसारखी वक्र नळी आणि तीत एक गोळी. अमेरिकेतील बनेल यांनी १९८४ साली ते साधन मांडले. वाकलेल्या पाठीवर आडवे ठेवले की एक बाजू किती उचलली आहे ते अंशांत दिसते. ५ ते ७ अंश वा अधिक दिसले तर फोटो काढावा. हे अंश पाठीच्या पिळाचे, कॉब कोनाचे नव्हेत. येथील ७ अंश म्हणजे फोटोतही ७, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. फोटोत ते वीस भरू शकतात. पाणसळीचे काम करणारे अ‍ॅप आता मोबाईलवरही मिळते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. त्यांच्या मूळ तीस विकारांच्या यादीत या बाकाचा स्वतंत्र उल्लेख नाही. अमरावती हे तर व्यायामाचे गाव. १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि वऱ्हाडातील कितीतरी शाळांना व्यायामशिक्षक मिळत गेले. कवायतीच्या तासाला मुले वाकतातच; मागे उभे राहून पाहावयास अर्धा मिनिट पुरतो. मुलींच्या बाबतीत ते शिक्षिकेने, आडोशाला करावे. सूर्यनमस्कारांनी पाठ बळकट होते, तरतरी येते, हे मान्य. पण वाढीच्या वयातील २५ अंशांपुढील बाक केवळ त्यांवर सोपवून चालत नाही.

पट्ट्याचा उपयोग होतो का, याविषयी फार काळ वाद होता. अमेरिका व कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीने २०१३ साली त्याचा बराचसा निकाल लावला: पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. दिवसाला तेरा तासांहून अधिक वापरणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या घरात गेले. तेरा तास! वाचावयास ठीक आहे. अकोल्याच्या मे महिन्यात, लोडशेडिंगमध्ये, छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टिकचे कवच घालून बसलेली तेरा वर्षांची मुलगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या तेरा तासांचे वजन कळेल. धाकटी आत सुती बनियन घालते, दुपारी पट्टा काढते आणि संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत घालते. मामींना तिने स्वतःच सांगितले, "मामी, मले रोग नाही झाला, कणा वाकला हाये. अठ्ठावीस अंश."

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो झाला. त्याच ठिकाणी, उभे राहून, यंत्राकडे पाठ करून. पट्टा घातलेला असताना काढलेल्या फोटोत बाक कमी दिसतो, म्हणून या वेळी तो आधी काढून ठेवावयास सांगितले होते आणि तसे फिल्मच्या पाकिटावर लिहिलेही आहे. वरचा पाचवा व खालचा बारावा मणका धरून कोन आला २७. वडिलांनी एक अंश कमी झाल्याचा आनंद मानावा की नाही, असे विचारले. डॉक्टर म्हणाले, "सत्तावीस आणि अठ्ठावीस मला सारखेच. वाढला नाही एवढे धरा." रिसरची पायरी दुसरी झाली आहे. पुढचा फोटो दिवाळीनंतर.